वाटतं ते चहाबरोबर

मॅडमच्या अंबाड्यात कायम एक पेन्सिल खोचलेली असायची. काटा नाही, पिन नाही, पेन्सिल. लिहायला ती उपसली की सगळे केस पाठीवर सुटायचे आणि लिहून झालं की गुंडाळी करून पेन्सिल पुन्हा आत. दिवसातून वीस वेळा हे चालायचं. खालच्या कापडदुकानातला माणूस म्हणायचा, "तुमच्या मॅडमना एक क्लिप घेऊन द्या हो कुणीतरी." मी चार दिवसांनी खरंच एक क्लिप नेली. मॅडमनी ती उलटीसुलटी करून बघितली आणि कागदांना लावून टाकली.

त्यांची लॅब औरंगपुऱ्यात त्या दुकानाच्या वर होती. लॅब म्हटलं की लोक बोट पुढं करायचे, लघवीची बाटली काढायचे. मॅडम जिन्यातूनच परत पाठवायच्या. "रक्त पुढच्या गल्लीत. इथं फक्त तुकडे." म्हणजे ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीचे तुकडे. ते मेणात बसवायचे, केसाहून बारीक कापायचे, काचेवर चढवून रंग द्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघून गाठ साधी की कॅन्सरची ते सांगायचं. साखर तपासायला ठेवली असती तर बरकत आली असती. त्यांना विचारलं तर म्हणायच्या, "त्यात बघायचं काय? आकडाच तर येतो."

मी आठवीत शाळा सोडलेली. भंडाऱ्याकडचं गाव, तळ्यांचं आणि धानाचं. नवऱ्याला वाळूजला कारखान्यात काम लागलं म्हणून या कोरड्या गावात आले. तेव्हा वाळूजच्या माळावर रोज एक नवीन शेड उभी राहत होती, आणि मला रोज एक नवीन भीती वाटत होती. बसच्या नंबराची भीती, उर्दू पाट्यांची भीती, नळ जाईल याची भीती. अशात त्या जिन्यापाशी एक पुठ्ठा टांगलेला दिसला. 'कामाला बाई पाहिजे. चक्कर येणारी नको.' मी तासभर खाली उभी राहिले. मग वर गेले.

मॅडमनी काही विचारलं नाही. स्वतःचा एक केस तोडला, टेबलावर ठेवला, त्यावर कागद टाकला आणि मला म्हणाल्या, "डोळे मीट. बोट फिरव. केस कुठंय?" मी दाखवला. मग दोन कागद टाकले. तरी दाखवला. "हं. कुठली तू?" भंडाऱ्याकडची म्हणाले. "मग उद्यापासून ये, विदर्भ." पुढं माझं नाव विदर्भच पडलं. "ए विदर्भ, बर्फ आण." "विदर्भ, दार लाव."

त्या बोटांचं काम पहिल्या महिन्यात कळलं. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं की काखेतल्या चरबीचा एक गोळा सोबत यायचा. त्या चरबीत लसिकेच्या छोट्या गाठी दडलेल्या असतात. सगळ्यांच्याच असतात, चांगल्या माणसाच्याही. पण कॅन्सर जागा सोडून निघाला तर पहिला मुक्काम तिथं करतो. म्हणून त्या शोधायच्या, बोटांनी, एक एक. काही वालाएवढ्या, काही मोहरीएवढ्या. माझा हात बसावा म्हणून मॅडमनी कणीक तिंबायला लावली, तिच्यात तुरीचे, मसुराचे, मोहरीचे दाणे त्यांनी स्वतः कोंबले आणि म्हणाल्या, "काढ सगळे. किती घातले ते मी सांगणार नाही." मी काढले तेवढे काढले. राहिलेल्या कणकेच्या त्यांनी पोळ्या करायला लावल्या. जेवताना त्यांच्या दाताखाली कच्चकन तूर आली. "ही राहिली," एवढंच म्हणाल्या आणि दाणा ताटाच्या काठावर ठेवला. त्या दुपारी ताटाच्या काठावर सहा दाणे जमले. पुढच्या आठवड्यात दोन. मग एकही नाही.

भाजीबाजाराला जावं तशा त्या लुनावरून नर्सिंग होमांत जायच्या आणि पुढच्या टोपलीत बरण्या घेऊन यायच्या. विद्यापीठाच्या नावावरून तेव्हा गाव सारखं तापलेलं. मोर्चे, बंद, मधूनच संचारबंदी. एकदा क्रांती चौकात हवालदारानं अडवलं. "बाई, बरणीत काय हाय?"

"स्तन आहे. एका बाईचा. बघायचाय?"

हवालदार दोन पावलं मागं सरला आणि हात जोडून म्हणाला, "जावा म्याडम, जावा लवकर."

ही गोष्ट त्यांनी मला सांगितली तेव्हा मी हसले. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "त्यानं हात जोडले ते बरोबर केलं."

खालच्या दुकानदारानं एकदा खोदून विचारलं, "नामांतराबद्दल तुमचं काय मत मॅडम? आपल्यातच ठेवतो." मॅडम जिन्यातच थांबल्या आणि रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "ज्या माणसानं इथं कॉलेज काढून पोरं शिकवली त्याचं नाव द्यायला एवढी वर्षं? माझ्याकडं रिपोर्टाला दोन दिवस लागले तरी लोक शिव्या देतात." दुसऱ्या दिवसापासून दुकानदारानं जिन्यातला दिवा लावणं बंद केलं. मॅडमनी टॉर्च घेतली.

त्यांचं एक बोलणं मी हजारदा ऐकलं असेल. एखादा सर्जन फोनवर घाई करायचा, "अहो तुम्हाला काय वाटतं तेवढं सांगा ना." मॅडम म्हणायच्या, "दिसतं ते रिपोर्टात. वाटतं ते चहाबरोबर. चहाला या." आणि फोन ठेवायच्या.

त्यांच्या अशा पुष्कळ रीती होत्या. मंगळवारी मेण कापायचं नवीन पातं लावायचं नाही. खिडकीचं डावं दार उघडायचं, उजवं नाही. तुकड्याबरोबर जाणारी नंबराची चिठ्ठी पेन्सिलीनंच लिहायची. माझी अडचण ही, की यातली कुठली लहर आणि कुठला नियम हे मला कळत नव्हतं. विचारायची हिंमत नव्हती. मी सगळ्यालाच लहर समजत होते आणि सगळंच पाळत होते.

फक्त एकदा नाही पाळलं.

संचारबंदी दोन तासांसाठी सैल झालेली. मॅडम लुना घेऊन गेल्या, पेन्सिल अंबाड्यात घेऊन. इथं दोन बाटल्या आलेल्या, दोन बायकांच्या स्तनातल्या गाठींचे नखाएवढे तुकडे. एक शहागंजची, पन्नाशीची. दुसरी देवगाव रंगारीची, मेंढरं राखणाऱ्यांच्या घरातली, सव्वीस-सत्तावीसची. डब्यातली पेन्सिलीची थोटकं संपलेली, वह्या-पेन्सिलींचं दुकान उघडलेलंच नाही. तुकडे तर लगेच घालायला हवे होते. मी बॉलपेननं चिठ्ठी लिहिली. वाटीत पाणी घेऊन बुडवून बघितली. अक्षर हललं नाही. मला स्वतःचं कौतुक वाटलं. मग तुकडे आणि चिठ्ठ्या छोट्या जाळीच्या डब्यांत घालून एकामागून एक औषधांत सोडल्या आणि बाटल्या लगेच घासल्या, लेबलं खरवडली, उन्हात पालथ्या घातल्या. मला तशा कामाची हौस.

दुसऱ्या दिवशी डब्या उघडल्या. दोन्ही चिठ्ठ्या कोऱ्या.

तुकड्यातलं पाणी काढायला आधी स्पिरिट असतं, मग झायलीन नावाचं उग्र वासाचं रसायन. बॉलपेनची शाई पाण्याला दाद देत नाही, स्पिरिटला देते. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. समोर दोन सारखे तुकडे होते. बाटल्यांत काही उरलं नव्हतं. मी एकटीच होते खोलीत. एका चिठ्ठीवर एक नंबर, दुसरीवर दुसरा लिहून टाकला असता तर जगात कुणाला कळलं नसतं. पेन्सिल आता आणलेली होती, हातात होती. नोकरी गेली तर नवऱ्याला काय सांगू, हे डोक्यात. आणि शहागंजची की देवगावची, हेही.

मॅडम आल्या तेव्हा मी कोऱ्या चिठ्ठ्या तळहातावर घेऊन उभी होते.

त्यांनी सगळं ऐकलं. बसल्या. मग म्हणाल्या, "पेन्सिलच वापरायची, हे सांगितलं होतं मी?"

"हो."

"का, ते सांगितलं होतं?"

"नाही."

"मग अर्धी चूक माझी. अर्धी तुझी. रडू नको, झायलीनपाशी रडलं की डोळे जास्त चुरचुरतात."

तुकडे कापले, रंगवले. एका काचेत साधी गाठ, निरुपद्रवी. दुसरीत कॅन्सर. आता कुणाची कुठली? शहागंजच्या बाईचे सर्जन फोनवर म्हणाले, "यात विचार काय करताय? पन्नाशीची ती कॅन्सर, पोरगी ती साधी. शेंबडं पोर सांगेल."

"मलाही तसंच वाटतं," मॅडम म्हणाल्या.

"मग करा सही."

"वाटतंय म्हणाले. दिसत नाहीये."

"बरं, तुकडा अपुरा होता, परत घ्यावा लागेल असं सांगतो मी."

"तुकडा पुरेसा होता. आम्ही अपुऱ्या पडलो. मी सांगते जाऊन."

आणि मला म्हणाल्या, "चप्पल घाल."

शहागंजात अत्तराच्या दुकानामागं ते घर. सगळे त्या बाईंना खाला, म्हणजे मावशी, म्हणायचे. मॅडमनी उभ्याउभ्याच सांगितलं, आडपडदा न ठेवता. खालांचा मुलगा उसळला. "क्या बोलरे तुम? नाम धुल गया? ये धोबीघाट है क्या?"

खालांनी त्याला हातानं बसवलं. "किसके हात से हुआ?"

मॅडम तोंड उघडणार तेवढ्यात मी म्हणाले, "मेरे."

खालांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "खाना खाती नईं क्या तू? इत्ती सी तो है." मग मॅडमना विचारलं, "दूसरी कौन है?"

"एक लडकी है. गाँव की. दो बच्चे हैं."

"हौ. तो उसका पहले कर लेव. मैं आती पीछे से." आणि मुलाला, "तू कायकू मुँह फुला के बैठा? तेरेकू काटरे क्या?"

देवगावला एसटीनं गेलो. तिथं सोपं गेलं नाही. सासू ओट्यावरूनच ओरडली, "पुन्हा कापायचं? माणूस हाय का मेंढरू? लई शिकलेल्या बाया तुमी!" ती पोरगी मात्र शांतपणे मॅडमसमोर येऊन बसली.

"तुमाला काय वाटतंय, मला हाय का नाय?"

"वाटतं, तुला साधी गाठ आहे."

"मंग तसं लिवा की."

"आणि चुकलं तर?"

"चुकलं तर मी जाईन. तुमचं काय जातंय?"

"तेच ना," मॅडम म्हणाल्या. "माझं काहीच जात नाही. म्हणून तर अंदाजावर सही करणं इतकं सोपं आहे."

सासू काहीतरी बोलत होती. मग पोरगी उठली, पदर खोचला आणि सासूला म्हणाली, "मेंढरांचं बघा आज. मी जाऊन येते."

दोघींचे तुकडे परत येईपर्यंत, पुन्हा संचारबंदी धरून, नऊ दिवस गेले. त्या नऊ दिवसांत मॅडम बदलल्या. प्रत्येक गोष्टीचं 'का' सांगायला लागल्या. उजवं दार उघडलं की वाऱ्यानं मेणाच्या पातळ पट्ट्या उडतात. मंगळवारी बाजार बंद असतो, पातं बिघडलं तर दुसरं मिळत नाही. एकही लहर नव्हती. अंबाड्याचं विचारलं, तर म्हणाल्या, "ती लहर."

आणि चहा करून बसलं की त्या त्यांचा स्वतःचा 'का' सांगायच्या. परदेशातली मासिकं यायची त्यांना, बोटीनं, जुनी होऊन. "दोन बायकांच्या गाठी काचेखाली बहिणी-बहिणींसारख्या दिसतात. एक बाई वीस वर्षं जगते, एक दोन. मला फरक दिसत नाही. फरक आहे, पण मला दिसत नाही. तो आत आहे." मग बशीत चहा ओतून फुंकर घालत म्हणायच्या, "प्रत्येक पेशीत एकच पोथी असते. तीच सगळ्यांत. कातडीची पेशी आपलं पान उघडते, यकृताची आपलं. बाकीची पानं मिटलेली. बाळ पोटात असताना पेशींना जागा सोडून चालत जावं लागतं, हात बनवायला, डोळा बनवायला. तेव्हा चालायचं पान उघडं असतं. मग ते मिटतं, कायमचं. या गाठीतल्या कुठल्यातरी पेशीत ते पान परत उघडतं आणि ती निघते. कुणाच्या गाठीत कुठली पानं चालू आहेत हे वाचता आलं ना, तर कुणाला सोडायचं आणि कुणाच्या मागं लागायचं ते आधीच कळेल. तिकडं प्रयत्न चाललेत."

"खरंच असतं तसं?" मी विचारलं.

"वाटतं. म्हणून तर चहाबरोबर सांगतेय."

आठवी शिकलेल्या बाईला असं बरोबरीनं बसवून कुणी बोललं नव्हतं. मला अर्धं कळायचं. पण मी रात्रभर त्यावर विचार करायचे.

नवे तुकडे आले. मी चिठ्ठीवर पेन्सिलीनं नंबर लिहिला, उलट्या बाजूला लिहिला, डबीवर कोरला, वहीत लिहिला. निकाल सर्जन म्हणाले होते तोच. खालांना कॅन्सर, पोरीला साधी गाठ.

"मी म्हणालो नव्हतो?" सर्जनचा फोन.

"म्हणाला होतात. दिसलं मात्र आत्ता."

पोरगी रिपोर्ट न्यायला आली तेव्हा मला बाजूला घेऊन तिनं पदर सरकवला आणि दोन टाके दाखवले, एक जुना, एक ओला. "दोनदा बघा," म्हणाली. रागावली नव्हती. माफही केलं नव्हतं. ती गेली.

माझं लक्ष आता खालांच्या नऊ दिवसांवर होतं. त्या नऊ दिवसांत ती पेशी निघाली असेल तर? माझ्यापायी?

खालांचं ऑपरेशन झालं. बरणी आली. काखेतली चरबी मी ताटात पसरली आणि डोळे मिटले. दुपारपर्यंत चौदा गाठी निघाल्या. चौदा म्हणजे चांगला आकडा. मॅडम म्हणाल्या, "अजून बघ."

"सगळं बघितलं."

"मग परत बघ. माझं बोट इथं फिरलं तर मला काही लागत नाही. तुला लागेल."

संध्याकाळी अगदी टोकाला, रक्तवाहिनीच्या कडेला, मसुराच्या अर्ध्याएवढी एक लागली. पंधरावी.

तिसऱ्या दिवशी काचा तयार झाल्या. मॅडम एक एक बघत गेल्या. स्वच्छ. स्वच्छ. स्वच्छ. चौदा वेळा. पंधराव्या काचेवर त्या थांबल्या. मग खुर्ची सोडून मला म्हणाल्या, "ये, बघ." गोल गोल निळ्या दाण्यांच्या कडेला, उंबरठ्याशी बसावं तशी, वेगळ्या पेशींची एक लहानशी टोळी होती. मलाही कळलं.

"मॅडम, नऊ दिवसांत गेल्या असतील का?"

खोटा धीर द्यायची ती वेळ होती. कुणीही दिला असता. मॅडम म्हणाल्या, "माहीत नाही. कधी निघाल्या ते काचेत दिसत नाही." आणि लगेच, "चहा ठेव."

चहा बशीत ओतल्यावर म्हणाल्या, "मला वाटतं, आधीच गेल्या होत्या. एवढी वस्ती नऊ दिवसांत होत नाही. पण हे मी लिहून देणार नाही, आणि तूही या आधारावर झोपू नको. झोपायचं असेल तर या आधारावर झोप: चौदावर थांबली असतीस तर मी 'पसरलेला नाही' असं लिहिलं असतं. सही केली असती. आणि त्या बाईला पुढचं औषध मिळालं नसतं."

खाला औषधासाठी मुंबईला जाऊन आल्या. केस गेले, भुवया गेल्या. परत आल्या तेव्हा जिना चढून वर आल्या, धापा टाकत स्टुलावर बसल्या आणि मला म्हणाल्या, "अब तो तू मेरे से मोटी दिखरी." पुढं वर्षानुवर्षं यायच्या. मी ती नोकरी सोडली तेव्हाही खाला होत्या.

पण त्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं. चहा झाल्यावर मॅडमनी टाइपरायटर ओढला आणि दोन बोटांनी खालांचा रिपोर्ट टाइप करायला घेतला. चौदा गाठी स्वच्छ, पंधरावीत कॅन्सर. मग थांबून म्हणाल्या, "गाठी कुणी शोधल्या ते लिहायला हवं. पूर्ण नाव सांग तुझं."

एवढ्या महिन्यांत त्यांनी ते विचारलं नव्हतं, आणि मीही सांगितलं नव्हतं. त्या दिवसांत आम्ही आडनाव सांगताना जपायचो. आमच्या घरात बुद्धाची तसबीर. खोली शोधताना दोन मालकांनी आडनाव ऐकून, जागा कालच गेली, असं सांगितलं होतं. कुणी काही वाईट बोलायचंच असं नाही. पण आडनाव कानावर पडलं की समोरचा माणूस क्षणभर थांबायचा. डोळ्यांत काहीतरी हलायचं. मग तो पुन्हा बोलायला लागायचा, थोड्या वेगळ्या आवाजात. त्या थांबण्याची मला सगळ्यात जास्त धास्ती होती.

मी माझं नाव सांगितलं, त्या टाइप करायला लागल्या. पुढं वडलांचं सांगू की नवऱ्याचं, असं मी विचारलं. म्हणाल्या, तुला हवं ते सांग. मी वडलांचं सांगितलं. मग आडनाव.

टाइपरायटर थांबला नाही.